ॲलर्जीची शंका असेल तर मांजर दत्तक कसे घ्यावे

मांजर पाळावे असे मनापासून वाटते, पण मांजर असलेल्या घरी तासभर बसले की नाक गळू लागते आणि डोळे चुरचुरतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मग घरात दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो की सवयीने सारे जाईल, दुसरा म्हणतो की ती ब्यादच नको. दोन्ही मते अंदाजावर बेतलेली असतात आणि दोन्हींचा पडताळा घेता येतो. आधी निदान, मग मांजराचा प्रत्यक्ष सहवास, त्यानंतर घराची तयारी आणि सर्वांत शेवटी दत्तक, असा क्रम पाळावा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा होतो. पावसाळ्यात जिन्याखाली भिजलेले पिल्लू सापडते, मुले ते वर घेऊन येतात आणि ॲलर्जीचा विचार तीन-चार आठवड्यांनी, कोणाची तरी झोप उडाल्यावर सुरू होतो. तोवर पिल्लाला नाव मिळालेले असते आणि ते घराला सरावलेले असते. त्याला परत पाठवताना त्याचे हाल होतात आणि घरच्यांचेही.

त्रास नेमका कशाचा होतो

‘मला मांजराच्या केसांची ॲलर्जी आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण त्रासाचे मूळ केस नसून मांजराच्या शरीरात तयार होणारी काही प्रथिने असतात. त्यांतले प्रमुख प्रथिन ‘फेल डी १’ या नावाने ओळखले जाते आणि मांजराची ॲलर्जी असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना त्याचाच त्रास होतो. ते मांजराच्या त्वचेतील तैलग्रंथींत आणि लाळेत तयार होते. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते, त्यामुळे लाळ केसांवर पसरते, वाळते आणि कोंड्याच्या सूक्ष्म कणांबरोबर हवेत मिसळते. यांतले काही कण पाच मायक्रॉनहूनही बारीक असल्याने तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. शिवाय हे प्रथिन चिकट असते. ते भिंतीला, पडद्याला, गादीला आणि अंगावरच्या कपड्यांना लागून जिथे कधी मांजर फिरकलेले नाही अशा शाळांत आणि कार्यालयांतही पोहोचते. मांजर पाळणाऱ्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून कोणाला शिंका येत असतील, तर तो मनाचा खेळ आहे असे समजण्याचे कारण नाही.

केस हे केवळ वाहन असल्यामुळे केस कापलेले, आखूड केसांचे किंवा अजिबात केस नसलेले मांजर निर्धोक ठरत नाही. बिनकेसाच्या स्फिंक्स मांजराच्या अंगावरही हे प्रथिन असते. ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून सायबेरियन किंवा बालिनीज मांजरांची जाहिरात केली जाते, परंतु पूर्णपणे ॲलर्जीमुक्त अशी कोणतीही जात नाही. एकाच जातीतल्या दोन मांजरांत प्रथिनाचे प्रमाण कितीतरी पटींनी वेगळे असू शकते आणि एकाच मांजरातही ते कमी-जास्त होत राहते. म्हणून जातीच्या नावाखाली मोठी रक्कम मोजणे हा माझ्या मते शुद्ध अपव्यय आहे. रंगावरूनही काही ठरवता येत नाही. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगता येते : नसबंदी न केलेल्या बोक्याच्या अंगावर हे प्रथिन मांजरीपेक्षा आणि नसबंदी झालेल्या बोक्यापेक्षा अधिक असते.

आधी निदान करून घ्यावे

मांजर असलेल्या घरात शिंका आल्या म्हणजे त्या मांजरामुळेच आल्या, असे लगेच मानू नये. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत गाद्या, उशा आणि कापडी सोफे हे धूळकिड्यांचे माहेरघर असते, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते आणि जुन्या इमारतींत झुरळांच्या विष्ठेचाही अनेकांना त्रास होतो. घाटावर गेलो की गाजरगवत आहेच. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले हे तण आता रानोमाळ पसरले आहे आणि त्याच्या परागकणांनी कित्येकांची नाके बेजार होतात. याशिवाय उदबत्ती, फोडणीचा ठसका आणि नव्या रंगाचा वास यांनीही नाक चोंदते. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी काही आठवडे साधी वही ठेवावी आणि त्रास कधी झाला, कुठे झाला, किती वेळ टिकला, त्या जागी मांजर होते का, गादी किंवा गालिचा होता का, हे लिहावे. पहाटे उठल्या उठल्या शिंकांची माळ लागत असेल आणि आपल्या घरात मांजरच नसेल, तर संशयाची सुई आधी अंथरुणाकडे वळते.

ही वही घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, छातीविकारतज्ज्ञांकडे किंवा ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. सर्वांत उपयोगाची चाचणी त्वचेवर केली जाते. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहितात, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि त्या थेंबातून बारीक टोकाने त्वचेला हलकेच टोचतात; रक्त येत नाही, मुंगी चावल्यासारखे वाटते. एका थेंबात नुसते मिठाचे पाणी असते आणि एकात हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीरच सोडते ते खाज-सूज आणणारे रसायन, असते. हिस्टामिनच्या जागी डास चावल्यासारखी गांध आली पाहिजे आणि मिठाच्या पाण्याच्या जागी काहीच येता कामा नये. असे झाले तरच चाचणी विश्वसनीय मानतात. पंधरा-वीस मिनिटांनी गांधींचा व्यास मोजतात. मांजराच्या अर्काची गांध मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा किमान तीन मिलिमीटरने मोठी असेल, तर शरीर मांजराच्या प्रथिनाला संवेदनशील आहे असे समजतात. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी ही गांध दबते, त्यामुळे त्या सहसा पाच ते सात दिवस आधी बंद कराव्या लागतात, परंतु कोणते औषध कधी थांबवायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांना गोळ्या थांबवता येत नाहीत किंवा ज्यांच्या त्वचेवर इसब आहे, त्यांच्यासाठी रक्तातील विशिष्ट आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडे, मोजण्याची चाचणी असते.

शंभर-दोनशे पदार्थांची एकगठ्ठा तपासणी करून देणारी पॅकेजे हल्ली सुचवली जातात. त्यांत वांग्यापासून तिळापर्यंत अनेक गोष्टी ‘पॉझिटिव्ह’ निघतात आणि माणूस निष्कारण ताटातले पदार्थ कमी करू लागतो. आपला प्रश्न मांजराचा आहे. तेव्हा मांजर, धूळकिडे, झुरळ, बुरशी आणि आपल्या भागातले परागकण एवढीच तपासणी पुरेशी होईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. चाचणीचा अर्थही नीट समजून घ्यावा. गांध उठणे आणि प्रत्यक्ष आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : काहींची चाचणी सकारात्मक असूनही ते मांजराबरोबर सुखाने राहतात, तर काहींना चाचणीच्या आकड्यावरून वाटणार नाही इतका त्रास होतो. गांधीच्या आकारावरून त्रासाची तीव्रता ठरत नाही. (जाता जाता : मांजराच्या रक्तातील एका वेगळ्या प्रथिनाला संवेदनशील असलेल्या मोजक्या लोकांना डुकराचे मांस खाल्ल्यावरही ॲलर्जी होते. गोव्यात किंवा इतरत्र ज्या घरांत ते नेहमी खाल्ले जाते, तिथे असा अनुभव आला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.)

दम्याचा विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे. घरात कोणाला दमा असेल, छातीत घरघर होत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल किंवा पूर्वी दम्यासाठी रुग्णालयात राहावे लागले असेल, तर दम्यावर पूर्ण नियंत्रण येईपर्यंत मांजराचा विषय बाजूला ठेवावा. नाक गळण्याचा त्रास माणूस सोसू शकतो. श्वास कोंडणे हा सोसण्याचा विषय नव्हे. मांजराची ॲलर्जी आणि नियंत्रणात नसलेला किंवा तीव्र स्वरूपाचा दमा एकत्र असतील, तर मांजर न आणणे हेच उत्तर, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि घरातल्या इतरांनी त्या व्यक्तीला ‘थोडे सहन कर’ असे म्हणू नये.

दुसऱ्याच्या मांजरासोबत स्वतःची परीक्षा

निदान सौम्य निघाले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की पुढची पायरी प्रत्यक्ष सहवासाची. दत्तक शिबिरात दहा मिनिटे पिल्लू मांडीवर घेऊन काहीच कळत नाही, कारण तिथली जागा बहुधा मोकळी असते आणि आपला उत्साह शिंकांकडे लक्ष जाऊ देत नाही. त्याऐवजी मांजर असलेल्या नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या घरी निवांत जावे. ज्या सोफ्यावर मांजर झोपते त्यावरच बसावे, दीड-दोन तास थांबावे, मांजर जवळ आले तर त्याला कुरवाळावे आणि घरी परतल्यावर त्या रात्री व दुसऱ्या सकाळी कसे वाटते ते लिहून ठेवावे. ॲलर्जीची एक लाट काही मिनिटांत येते, परंतु दुसरी कित्येकदा काही तासांनी येते. संध्याकाळी बरे वाटलेला माणूस मध्यरात्री नाक चोंदून उठू शकतो. या भेटींच्या आधी ॲलर्जीची गोळी घेऊ नये, नाहीतर परीक्षा आपली न होता गोळीची होते. दम्याची नेहमीची औषधे मात्र कधीही थांबवू नयेत आणि पंप जवळ ठेवावा.

एकाच घरच्या एकाच मांजरावरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन वेगवेगळ्या घरी जावे, आणि शक्य झाल्यास एकाच घरी पुन्हा जावे. या भेटी कंटाळवाण्या वाटतील, पण त्यांतून जी माहिती मिळते ती कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात नसते.

यानंतर सर्वांत मोलाची पायरी म्हणजे मांजर तात्पुरते सांभाळणे, ज्याला प्राणिमित्र मंडळी ‘फॉस्टर’ करणे म्हणतात. संस्थांना अशा घरांची नेहमीच गरज असते. त्यामुळे ‘मला ॲलर्जीची शंका आहे, म्हणून आधी महिनाभर सांभाळून पाहतो’ असे प्रामाणिकपणे सांगितले तर बहुतेक कार्यकर्ते त्याचे स्वागतच करतात. तीन-चार दिवसांचा प्रयोग पुरेसा नसतो, कारण घरात हे प्रथिन हळूहळू साचत जाते आणि पहिल्या आठवड्यात निर्धास्त असलेल्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात त्रास सुरू होऊ शकतो. किमान चार आठवडे, आणि जमल्यास त्यातला काही काळ दारे-खिडक्या बंद राहणाऱ्या पावसाळ्यात, असा प्रयोग केलेला बरा. फॉस्टरसाठी मोठे, नसबंदी झालेले मांजर मागावे. पिल्लाचा जीव लहान असतो, त्यामुळे त्याच्याबरोबर बरे वाटले म्हणून ते मोठे झाल्यावरही बरे वाटेल याची खात्री नसते. पिल्लू बोका असेल तर नसबंदीपूर्वी वयात येताना प्रथिनाचे प्रमाण वाढते.

या काळात घरातल्या प्रत्येकाची दखल घ्यावी. गावाहून चार महिन्यांसाठी येणाऱ्या आजींना दमा आहे का, केर-लादी करणाऱ्या मावशींना मांजराचा त्रास होतो का, शेजारून रोज खेळायला येणाऱ्या मुलाचे काय, हे प्रश्न आधीच विचारावेत. मावशी संकोचाने बोलणार नाहीत. त्यांना आपणहून विचारणे हे आपले काम आहे, कारण केर काढताना सर्वांत जास्त धूळ त्यांच्याच नाकात जाते.

मांजर निवडताना

फॉस्टर केलेल्या मांजराबरोबर जमले असेल तर तेच मांजर दत्तक घ्यावे. आपल्या शरीराने त्याची पारख केलेली आहे, आणि दुसरे सुंदर पिल्लू पाहून बेत बदलला तर सगळा प्रयोग वाया जातो. नव्याने निवडायचे झाल्यास नसबंदी झालेले, वर्षाच्या वरचे गावठी मांजर माझ्या दृष्टीने सर्वांत योग्य. लांब केसांच्या पर्शियन मांजराला रोज विंचरावे लागते, आणि ते काम ॲलर्जी असलेल्या माणसाने करू नये. घरात दुसरे कोणी हे नेमाने करणार नसेल तर पर्शियनचा नाद सोडावा.

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय जुने आणि सर्वपरिचित आहे. याशिवाय मुंबई, पुणे आणि गोव्यात मांजरांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्था व स्वतंत्र कार्यकर्ते आहेत. जवळच्या पशुवैद्यकांना विचारले तर आपल्या परिसरात कोण भरवशाचे आहे ते कळते. दत्तक घेताना लसीकरणाची नोंद पाहावी : पिल्लांना तीन आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टप्प्याटप्प्याने देतात आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. आपल्या ॲलर्जीविषयी दत्तक देणाऱ्याला सर्व काही सांगावे आणि ‘न जमल्यास मांजर संस्थेकडेच परत द्यायचे’ ही अट करारात लिहून घ्यावी. चांगल्या संस्था ही अट स्वतःहून घालतात. पाळलेले मांजर रस्त्यावर सोडून देणे हा केवळ निर्दयपणा नाही. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे गुन्हा ठरवले आहे.

मांजर येण्यापूर्वी घर कसे तयार करावे

आपली घरे या बाबतीत बरीच सोयीची आहेत, कारण त्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेले गालिचे नसतात. लादी, शहाबादी किंवा टाइल ओल्या फडक्याने पुसली की साचलेले बरेच प्रथिन निघून जाते. अडचण असते ती जागेच्या आकाराची. म्हणून सारी शक्ती एकाच गोष्टीवर खर्चावी : झोपण्याची खोली मांजरासाठी पूर्णपणे बंद. माणूस दिवसाचे सात-आठ तास याच खोलीत, उशीत नाक खुपसून असतो. ही एक जागा स्वच्छ राहिली तर बाकीच्या घरातला त्रास शरीराला पेलतो. ‘फक्त दुपारी येऊ देतो’, ‘पायथ्याशीच झोपते’ असल्या सवलतींनी हा नियम निकामी होतो. नियम पहिल्या दिवसापासून लागू करावा, कारण महिनाभर गादीवर झोपलेल्या मांजराला नंतर दाराबाहेर ठेवले तर ते पहाटे तीनला दार खरवडत बसते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते.

एका खोलीच्या घरात हे कसे साधणार, असा प्रश्न रास्त आहे. तिथे अंथरुणालाच बेडरूम मानावे. गादी, उशा, चादरी आणि गोधड्या सकाळी उठल्याबरोबर गुंडाळून दार घट्ट लागणाऱ्या कपाटात किंवा दिवाणाच्या पेटीत ठेवाव्यात आणि रात्री झोपण्यापूर्वी जमीन ओल्या फडक्याने पुसून मगच अंथरूण घालावे. रात्री मांजर त्याच खोलीत राहणार असल्याने हा उपाय बंद दाराइतका परिणामकारक नाही. चाचणीत मांजराची ॲलर्जी ठळक निघालेल्या माणसाने एका खोलीच्या घरात मांजर आणण्याचा आग्रह धरू नये, असेच मी म्हणेन.

झाडलोटीची पद्धत बदलावी लागते. फूलझाडूने केर काढला की खाली बसलेले कण पुन्हा हवेत उडतात आणि वर पंखा चालू असेल तर घरभर फिरतात. म्हणून पंखा बंद करून, आधी कपाटांचे माथे, खिडक्यांच्या कडा आणि पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसावीत, मग लादी पुसावी, आणि केर काढायचाच असेल तर पुसण्यापूर्वी हलक्या हाताने, ॲलर्जी असलेली व्यक्ती दुसऱ्या खोलीत असताना काढावा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याला हेपा फिल्टर आहे का ते पाहावे. तो नसेल तर यंत्र पुढून ओढलेले बारीक कण मागून परत हवेत सोडते. खरी हेपा जाळी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. असा फिल्टर असलेला हवा शुद्ध करणारा यंत्रसंच घ्यायचा झाल्यास तो झोपण्याच्या खोलीत ठेवावा आणि खोलीच्या आकारमानाला पुरेल असाच घ्यावा. मात्र गादीत मुरलेले प्रथिन हे यंत्र काढू शकत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर धुणे-पुसणे सोडू नये. वातानुकूलन यंत्राच्या जाळ्या दर दोन-तीन आठवड्यांनी धुवाव्यात.

जाड पडदे, मखमली उशा आणि कापडी सोफा यांत प्रथिन सर्वाधिक साचते. सोफा बदलणे शक्य नसेल तर त्यावर धुता येणारी जाड चादर घालून ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावी. दिवाळीच्या साफसफाईची वाट न पाहता पडदे महिन्यातून एकदा तरी उतरवावेत. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून चादरी धुण्याचे टाळले जाते आणि नेमक्या त्याच दिवसांत मांजर सारा वेळ घरात असते, त्यामुळे चादरींचा एक जादा संच ठेवणे उपयोगी पडते.

मांजराच्या शीची पेटी झोपण्याच्या खोलीपासून दूर, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावी आणि ती ॲलर्जी नसलेल्या माणसाने साफ करावी. माती भुसभुशीत आणि धूळ उडवणारी नसावी. लाकडाच्या गोळ्या किंवा टोफूपासून केलेली माती यांची धूळ कमी उडते. मांजराला विंचरणेही अशाच दुसऱ्या व्यक्तीने, शक्य असल्यास जाळी लावलेल्या बाल्कनीत करावे. मांजराला वारंवार आंघोळ घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. आंघोळीने प्रथिन कमी होते खरे, पण दोन-तीन दिवसांत ते पूर्ववत होते, आणि आठवड्यातून दोनदा मांजराला बादलीत बुचकळण्याचा परिणाम हातांवरच्या ओरखड्यांतून दिसतो. अंड्यातील प्रतिपिंडांचा वापर करून लाळेतील प्रथिन निष्क्रिय करणारे मांजरांचे खाद्य काही देशांत २०२० पासून मिळते. त्याने त्रास कमी होऊ शकतो, परंतु बंद दाराची आणि ओल्या फडक्याची जागा ते घेऊ शकत नाही.

मांजर आल्यानंतरचे महिने

पहिले काही दिवस मांजराला एकाच खोलीत ठेवावे. नव्या जागेला सरावण्यासाठी त्यालाही हे हवे असते आणि आपल्यालाही घरभर प्रथिन पसरण्यापूर्वी थोडी उसंत मिळते. मांजराला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी आणि तोवर डोळ्यांना बोट लावू नये. मांजराला मांडीवर घेण्यासाठी एक जुना सदरा वेगळा ठेवावा आणि झोपण्यापूर्वी कपडे बदलावेत. त्याने चाटलेल्या किंवा ओरखडलेल्या जागी गांधी उठत असतील तर ती जागा लगेच धुवावी. याला आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावतात; त्याने थंड वाटते, पण मांजराच्या संपर्कानंतर पुन्हा पुन्हा असे होत असेल तर ती ॲलर्जीच आहे हे ओळखून डॉक्टरांना दाखवावे.

औषधांबाबत धरसोड करू नये. नाकात मारण्याचे स्टेरॉइडचे फवारे रोज नियमाने वापरले तरच काही दिवसांत त्यांचा पूर्ण गुण येतो. शिंका आल्यावर एकदा मारून ‘काही उपयोग नाही’ म्हणणे बरोबर नाही. गोळ्यांपैकी काहींनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना सांगावे. मॉन्टेलुकास्ट हे औषध आपल्याकडे सढळ हाताने दिले जाते. त्याने काहींच्या मनःस्थितीवर आणि झोपेवर परिणाम होतो, म्हणून ते स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नये. ‘पंपाची सवय लागते’ हा समज तर अनेक घरांत पक्का बसलेला आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत, अत्यल्प मात्रेत जाते. त्याचे व्यसन लागत नाही आणि दम्याच्या रुग्णाने तो टाळणे धोक्याचे आहे. दीर्घकालीन उपाय म्हणून प्रथिनाची मात्रा हळूहळू वाढवत देणारी इम्युनोथेरपी असते. ती साधारण तीन ते पाच वर्षे चालते, खर्चीक असते आणि तिचा गुण सर्वांना सारखा येत नाही, त्यामुळे ती सुरू होईल या आशेवर आज मांजर आणू नये.

श्वास घेताना छातीत सुं-सुं आवाज येणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे किंवा पंप घेऊनही दम न उतरणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वहीतल्या नोंदी या काळातही सुरू ठेवाव्यात. सौम्य त्रास असलेल्या काही माणसांचा त्रास काही महिन्यांत आपोआप कमी होतो, पण तसा तो वाढतोही, आणि आपण कोणत्या बाजूला आहोत हे आठवणीवर विसंबून सांगता येत नाही. दर महिन्याला गोळ्या किती लागल्या, रात्री किती वेळा जाग आली आणि पंप किती वेळा घ्यावा लागला, या तीन आकड्यांवरून चित्र स्पष्ट होते.

न जमल्यास

नियम पाळून आणि औषधे नेमाने घेऊनही गोळ्यांचे प्रमाण वाढतच असेल, पूर्वी नसलेली घरघर सुरू झाली असेल किंवा डॉक्टरांनी मांजर दूर करण्यास सांगितले असेल, तर निर्णय लांबवू नये. करारानुसार संस्थेला लगेच कळवावे आणि नवे घर मिळेपर्यंत मांजराला घरातल्या एका हवेशीर खोलीत, शक्य नसल्यास नातेवाइकांकडे ठेवावे. त्याचे लसीकरणाचे कार्ड, खाण्याच्या सवयी, कोणत्या आवाजाला ते घाबरते, शीसाठी कोणती माती त्याला चालते, हे सारे कागदावर लिहून नव्या पालकांना द्यावे आणि त्याची नेहमीची चादर न धुता बरोबर पाठवावी, कारण ओळखीच्या वासामुळे त्याला नव्या जागी आधार वाटतो.

मांजर गेल्यावर त्रास लगेच थांबला नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. साचलेले प्रथिन मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला चार ते सहा महिने लागू शकतात, आणि जुनी गादी व सोफा तसाच ठेवला तर त्याहूनही अधिक. पडदे, चादरी आणि उशांचे अभ्रे धुवावेत, भिंती आणि कपाटांचे माथे ओल्या फडक्याने पुसावेत, मांजर ज्यावर झोपत असे ती गादी बदलावी किंवा तिला घट्ट विणीचे, चेन लागणारे आवरण घालावे, आणि या सर्व महिन्यांत औषधे डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नयेत.